मागच्या रांगेतली खोकी

करार झाला त्या दिवशी संस्थेने आपल्या इमारतीवर एवढा मोठा फलक लावला की दुसऱ्या मजल्याच्या तीन खिडक्या त्याखाली गेल्या आणि आतल्या कारकुनांना भर दुपारी दिवे लावून बसावं लागलं. फलकावर लिहिलं होतं, ‘हिशेबतपासनिसांची आपली पदवी आता जगन्मान्य!’ कालपर्यंत ती फक्त अवघड होती. पिकतं तिथे विकत नाही असं म्हणतात. या पदवीचं नेमकं उलटं होतं. ती पिकायची तिथेच विकली जायची, वेशीबाहेर तिला कुणी हुंगत नव्हतं. सोळा वर्षं दोन्हीकडच्या संस्थांची माणसं एकमेकांकडे जाऊन चहा पीत होती, त्याचं एकदाचं चीज झालं. इथे पास झालेला माणूस आता परदेशात ताठ मानेने हिशेब तपासू शकणार होता. फक्त एक अर्ज भरायचा होता.

अर्ज चौतीस पानांचा होता.

तो ज्यांनी पहिल्याच दिवशी मागवला त्यांच्यात आपल्या बाई होत्या. बाजारपेठेत त्यांना ‘हिशेबवाल्या बाई’ म्हणत. वय सत्तेचाळीस, दोन खोल्यांचं ऑफिस, बावीस वर्षांचा व्यवसाय आणि कडकपणाची ख्याती. बाई दुकानात शिरल्या की मालक उगाचच स्वतःचे खिसे चाचपून बघत. एकदा एका व्यापाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, “बाई, तुम्ही आमच्याकडे आलात की मला न केलेल्या चुकासुद्धा आठवायला लागतात.” बाईंनी ते कौतुक समजून घेतलं होतं.

बाईंचा नवरा चार वर्षांपासून परदेशात पाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यात इंजिनिअर होता. बाई मागच्या वर्षी तीन आठवडे तिकडे जाऊन आल्या होत्या. तिथल्या कायद्याच्या भाषेत त्या नवऱ्यावर ‘अवलंबून’ होत्या आणि अवलंबून माणसाला काम करायची परवानगी नव्हती. शेजारणीने विचारलं, “तुम्ही काय करता?” बाईंनी सांगितलं, “हिशेब तपासते.” शेजारीण म्हणाली, “नाही, इथे काय करता?” इथे त्या नवऱ्याचे मोजे जोडीने लावत होत्या. विमानात बसल्या बसल्याच त्यांनी ठरवलं, पुन्हा आले तर हिशेबतपासनीस म्हणून येईन, नाहीतर येणार नाही. नवऱ्याने समजून घेतलं, कारण दुसरा इलाज नव्हता.

आणि आता हा करार. तिथल्या एका फर्मने बाईंना नोकरी द्यायचं कबूल केलं होतं, मान्यतेचा कागद आला की रुजू व्हायचं. त्या भरवशावर नवऱ्याने कारखान्याशी आणखी पाच वर्षांचा करार करून टाकला होता. म्हणजे कागद आला तर दोघं एका घरात, नाही आला तर आणखी पाच वर्षं फोनच्या काचेतून एकमेकांची तोंडं बघायची. सगळा संसार त्या चौतीस पानांवर येऊन बसला होता.

तेहतीस पानं बाईंनी एका बैठकीत भरली. अडलं ते रकाना एकोणीसपाशी. ज्यांनी पदवी वीस वर्षांपूर्वी किंवा त्याआधी घेतली, त्यांनी आपल्या उमेदवारीच्या काळातल्या प्रत्यक्ष कामाचा एक नमुना जोडायचा होता. कामावर अर्जदाराचा हात स्पष्ट ओळखू यायला हवा, आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांनी ‘हा हात हिचाच’ असं प्रमाणपत्र द्यायला हवं. ‘ते हयात असावेत,’ असंही खाली बारीक अक्षरात होतं. बाई पदवीधर आहेत हे इथल्या संस्थेने सांगायचं आणि तिथल्या संस्थेने त्यावर विश्वास ठेवायचा, हाच तर करार होता. पण विश्वास ठेवण्याआधी जरा खात्री करून घ्यायला काय हरकत आहे, असं रकाना एकोणीसचं म्हणणं होतं.

नवरा फोनवर म्हणाला, “त्यात काय? दे पाठवून एखादी फाइल. तुझ्याकडे शाळेतली प्रगतिपुस्तकंसुद्धा असतील.”

“ती आहेत,” बाई म्हणाल्या. “फायली ऑफिसच्या असतात. ऑफिस सरांचं.”

सर म्हणजे मोठे साहेब. पंचवीस वर्षांपूर्वी बाईंनी ज्यांच्याकडे तीन वर्षं उमेदवारी केली, ते. ते हयात होते. नुसते हयात नव्हते, एक्याऐंशीव्या वर्षी रोज दहा ते बारा ऑफिसात येऊन बसत होते. ऑफिस आता त्यांचा भागीदार चालवी, साहेब फक्त वर्तमानपत्रातले छापलेले ताळेबंद वाचून त्यांतल्या बेरजा तपासत. चूक सापडली की दिवस चांगला जाई.

ऑफिस तिथेच होतं, बॅगांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याची सातवी पायरी अजून हलत होती. बाई आत शिरल्या तर साहेबांनी भिंग खाली ठेवलं आणि क्षणभर बघून म्हणाले, “चिमणे! किती वाळलीस!”

“जाड झालेय, सर.”

“मग भिंग बदलायला हवं.”

बाईंना चिमणी म्हणणारा आता जगात हा एकच माणूस उरला होता. त्याचं कारण साहेबांच्या एका पद्धतीत होतं. त्यांच्या ऑफिसात उमेदवाराने कुठल्याही कागदावर सही करायची नाही, असा नियम होता. “सही करायला मी बसलोय. तुमची खूण पुरे.” पहिल्याच दिवशी प्रत्येकाने स्वतःची एक खूण ठरवायची, एक रंगीत पेन्सिल निवडायची आणि दोन्हींची नोंद खुणांच्या वहीत करायची. कुणाची खूण आकड्यासारखी, कुणाची मांजराच्या शेपटीसारखी. बाईंनी हिरवी पेन्सिल घेऊन चार रेघा ओढल्या, तीन पुढे, एक मागे. साहेब म्हणाले, “हा तर चिमणीचा पाय.” तेव्हापासून त्या चिमणी. आणि साहेब प्रत्येक उमेदवाराला खुणेबरोबर एक वाक्य देत: “खूण म्हणजे जबान. मारलीस की तू डोळ्यांनी पाहिलंस असं झालं.”

अर्ज वाचून साहेब खूश झाले. खुणांची वही आहे, खूण ओळखायला मी आहे, मग अडलंय कुठे? त्यांनी दप्तरीला हाक मारली.

दप्तरी म्हणजे ऑफिसच्या साऱ्या जुन्या कागदांचा राखणदार. चाळीस वर्षं त्याच खोलीत काढून त्याचा रंगसुद्धा पुठ्ठ्यासारखा झाला होता. बाईंनी किती साली काम केलं ते ऐकून त्याने मान हलवली.

“आठ वर्षं झाली की फाइल नष्ट. नियम आहे. तुमचा हात लागलेल्या फायली एकशे सोळा. एकशे पंधरा नष्ट केल्या.” मग बाईंचा चेहरा बघून त्याला दया आली. “नष्ट केल्याच्या नोंदी हव्या असतील तर देतो. त्या कायम ठेवायच्या असतात.”

“आणि एकशे सोळावी?”

दप्तरीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी भिंग उचललं आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

“ती काही कामाची नाही,” साहेब आतूनच म्हणाले. “दुसरं काहीतरी बघू.”

“सर, दुसरं काय बघणार? एकतीस तारखेला मुदत संपते.”

“मी पत्र लिहून देतो. सोन्यासारखी मुलगी होती म्हणून.”

“त्यांना मुलगी नको, नमुना हवाय.”

साहेब पुन्हा वर्तमानपत्रातल्या बेरजेकडे वळले. दप्तरी मात्र नियमाचा माणूस. मागणीची चिठ्ठी लिहून दिली तर माजी उमेदवाराला फाइल दाखवता येते, हे त्याला तोंडपाठ होतं. बाईंनी चिठ्ठी लिहिली. तो आतल्या लोखंडी कपाटापाशी गेला. त्या कपाटातल्या फायलींना आठ वर्षांचा नियम लागू नव्हता. ज्या कामात पुढे काही भानगड निघाली, त्याचे कागद तेवढे तिथे जन्मभर जपले जात. चांगल्या कामाचं आयुष्य आठ वर्षं, वाइटाला मरण नाही. बाईंच्या हे लक्षात आलं तेव्हा फाइल त्यांच्या हातात पडली होती.

वर नाव होतं एका थर्मास बनवणाऱ्या कारखान्याचं. ते वाचलं आणि बाईंना ते गोदाम आठवलं.

वर्ष संपताना कारखान्याच्या गोदामातला माल मोजायला साहेबांनी त्यांना पाठवलं होतं. अंतिम परीक्षा अकरा दिवसांवर आली होती. पत्र्याचं गोदाम, छपरापर्यंत खोक्यांच्या रांगा, प्रत्येक खोक्यावर लाल अक्षरांत ‘काच! हलवू नये’. बाईंनी पहिल्या तीन रांगा अगदी रीतसर मोजल्या, चार खोकी उघडूनही पाहिली. आत थर्मास होते. मग गोदामवाल्याने पंख्याखाली खुर्ची आणून ठेवली. “ताई, किती वेळ उभ्या राहाल? मी आकडे वाचतो, तुम्ही यादीवर खुणा करा. मागची खोकी हलवली तर काच फुटेल, आणि भुर्दंड माझ्या डोक्यावर.” बाई बसल्या. मांडीवर पुस्तक उघडलं. तो वाचत गेला, त्या डाव्या हाताने पानं उलटत आणि उजव्या हाताने चिमणीचे पाय काढत गेल्या. पुस्तकातलं प्रकरण होतं ‘मालाची प्रत्यक्ष मोजणी’. परीक्षेत त्याच प्रकरणावर वीस गुणांचा प्रश्न आला आणि त्या विषयात बाई पहिल्या आल्या.

आता ती यादी त्यांच्या पुढ्यात होती. अकरा पानं. ओळीने हिरव्यागार चिमण्या चालत गेलेल्या, एकही वाकडी नाही, एकही पुसट नाही. नमुना म्हणून याहून देखणा कागद मागून मिळाला नसता. शेवटी बेरीज: दोन हजार तीनशे चाळीस खोकी. त्याखाली साहेबांची सही.

बाईंनी पान उलटलं, आणि पुढचे कागद त्या आयुष्यात पहिल्यांदाच बघत होत्या. सहा महिन्यांनी कर्ज देणाऱ्या बँकेने गोदाम उघडलं होतं. तिसऱ्या रांगेनंतरचं एकूण एक खोकं रिकामं. मग संस्थेच्या शिस्त समितीची साहेबांना नोटीस: मोजणी कोणी केली? त्यावर साहेबांचं दोन ओळींचं उत्तर: ‘मोजणी मी स्वतः केली आहे. कसूर माझी आहे.’ मग समितीचा निर्णय: एक वर्ष व्यवसाय बंद.

आणि सगळ्यात मागे, टाचणीला लावलेलं एक शुभेच्छापत्र. फुलांचं चित्र, आत बाईंचंच अक्षर. तोवर त्या पास होऊन दुसरीकडे लागल्या होत्या, आणि साहेब वर्षभर ऑफिसात येत नाहीत असं कानावर आलं तेव्हा कुणीतरी डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं होतं. बाईंनी लिहिलं होतं, ‘सर, भरपूर विश्रांती घ्या. कामाची मुळीच काळजी करू नका.’ दप्तरीने तेही फायलीला लावून ठेवलं होतं. संबंधित कागद म्हणून.

बाईंना रडू आलं नाही. लाज वाटली, आणि ती एवढी वाटली की त्यांनी फाइल मिटून परत उघडली, जणू मधल्या काळात कागद बदलणार होते. बावीस वर्षं त्यांनी गावभरच्या व्यापाऱ्यांना खोकी उघडायला लावली होती. एकदा तर एका म्हाताऱ्या दुकानदाराला चार पुड्या कमी भरल्या म्हणून सर्वांसमोर झापलं होतं.

“सर, तुम्ही सांगितलं का नाहीत? माझं नाव का नाही घेतलंत?”

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “तुझी पदवी नुकतीच हातात आली होती. नाव घेतलं असतं तर ती काढून घेतली असती.”

“पण माझी चूक तुम्ही का भोगायची?”

“तुझी कशी? तू खोकं न बघता खूण केलीस, मी तुझी खूण बघून सही केली. खोकं तूही बघितलं नाहीस, मीही नाही. दोघांनी कागद बघितला. माझी सही खाली होती, म्हणून माझी चूक मोठी.” मग त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा झाला. “आता असं कर. पुढची अकरा पानं घे. मागचं राहू दे इथेच. अकरा पानांवर खुणा तुझ्याच आहेत, मी तसं प्रमाणपत्र देतो. त्यात एक अक्षर खोटं नाही.”

ते खरंच होतं. बाईंनी प्रमाणपत्राचा छापील नमुना पुढे केला आणि साहेबांनी त्यावर सही केली. ‘हा हात हिचाच आहे.’ त्या फायलीशी संबंधित एवढा खरा कागद दुसरा नव्हता.

बाई घरी आल्या आणि त्यांनी फोनवर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवायला बसला होता, पुढ्यात एकच ताट. ऐकून तो म्हणाला, “मग अडचण काय आहे? अकरा पानं पाठव आणि मोकळी हो.”

“खोट्या खुणा आहेत त्या.”

“पंचवीस वर्षं झाली. कारखाना तरी आहे का?”

“नाही.”

“ती समिती?”

बाईंनी दुपारी संस्थेत फोन करून विचारलं होतं. समितीचे कागद आठ वर्षांनी नष्ट झाले होते. “नाही,” त्या म्हणाल्या. “एकच प्रत आहे, ती सरांच्या कपाटात.”

“म्हणजे त्या ऑफिसाबाहेर जगात कुणाला माहीत नाही. झाकली मूठ आहे ती, कशाला उघडतेस?” त्याने ताटातला शेवटचा घास संपवला. मग म्हणाला, “तुला करायचंय ते तू करणारच. फक्त एवढं लक्षात ठेव, हे ताट मी अजून पाच वर्षं एकट्याने धुणार आहे.”

हे त्याने चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो साधेपणाने बोलला, आणि बाईंना ते दोन दिवस छळत राहिलं. त्यांना जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. त्या एका ताटाशेजारी आपलं ताट मांडायचं होतं आणि सकाळी उठून स्वतःच्या नावाच्या पाटीखाली कामाला जायचं होतं. सुखासाठी अकरा पानं पुरत होती. बारावं प्रमाणपत्र. तेरावं पान कुणीही मागितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा ऑफिसात गेल्या. सोबत चार पानांचं स्वतःचं निवेदन होतं. त्यात गोदाम, खोक्यांचा आकडा, खुर्ची, पंखा, पुस्तक, सगळं होतं. ‘मी न मोजता खुणा केल्या आणि माझ्यासाठी साहेब खोटं बोलले,’ असं साफ लिहिलं होतं.

“सर, मी पूर्ण फाइल पाठवणार आहे. तुमचंही नाव येईल. तुमची परवानगी हवी.”

साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बाई पुन्हा बावीस वर्षांच्या झाल्या. “हात दाखवून अवलक्षण! अगं, इथला परवानाही जाईल. मी वर्षभर घरी बसलो ते तुझी पदवी वाचावी म्हणून, आणि तू ती चौतीस पानांत घालून पाठवतेस?”

“सर, दुसऱ्यांना मी खोकी उघडायला लावते.”

“मग लाव की. आणखी जोरात लाव.”

“माझं कुणी उघडलंच नाही. एकदा कुणीतरी उघडून बघावं आणि काय ते सांगावं. नाही म्हणाले तर नाही.”

साहेबांनी भिंग खणात ठेवलं. शेवटी म्हणाले, “पाठव. माझं काय जायचंय? परवाना मी मागच्या वर्षी परत केला. पण मूर्खपणा आहे हा, आणि तो माझ्या ऑफिसात शिकलेला नाही, एवढं लिही.”

बाईंनी एवढं लिहिलं नाही. बाकी सगळं पाठवलं. कागद कुठल्या क्रमाने लावायचे तेही अर्जात ठरवून दिलं होतं: आधी नमुना, मग प्रमाणपत्र, मग ‘इतर’. त्यामुळे अकरा पानं चिमण्यांची, बारावं साहेबांचं, आणि तेराव्यापासून त्यांचं निवेदन, बँकेचा कागद, नोटीस, निर्णय, शुभेच्छापत्र. पाकीट त्यांनी स्वतः जाऊन टपालात टाकलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “बरं.” त्या ‘बरं’ला पाच वर्षांची लांबी होती.

पाच आठवडे बाई शिक्षेची वाट बघत होत्या. काय विचारतील, काय सांगायचं, याची त्यांनी मनात उजळणी केली. ऑफिस कुणाच्या हवाली करायचं हेही ठरवलं. त्या म्हाताऱ्या दुकानदाराकडे जाऊन आल्या आणि काही न बोलता दोन साबण घेऊन परतल्या.

मग उत्तर आलं. तीन पानं. शेवटच्या पानावर रकान्यांचा तक्ता होता आणि एकोणिसाव्या रकान्यापुढे हिरवी खूण.

‘रकाना एकोणीस: पूर्ण. नियमानुसार पहिली बारा पानं विचारात घेतली. काम नमुनेदार आहे. विशेषतः मालमोजणीतला काटेकोरपणा उल्लेखनीय. आपल्या पदवीस मान्यता देण्यात येत आहे. अभिनंदन.’

नवरा फोनवर एवढ्या जोराने ओरडला की त्याच्या शेजारणीने दार वाजवलं. “बघ! मी म्हटलं नव्हतं? आता बॅग भर!” बाईंना आनंद झाला नाही असं नाही. झाला, भरपूर झाला, आणि त्या हसल्याही. पण फोन ठेवल्यावर त्या पुन्हा तो तक्ता घेऊन बसल्या. कुणीतरी, कुठेतरी, पंख्याखाली खुर्ची टाकून पुढच्या रांगा बघितल्या होत्या. मागच्या रांगेतली खोकी कुणी उघडली नव्हती.

निघायच्या आधी त्या साहेबांना पत्र दाखवायला गेल्या. खालच्या दुकानातून एक मोठी बॅग घेतली होती, ती जिन्यातून वर आणावी लागली. साहेबांनी भिंग लावून तिन्ही पानं वाचली, चार वेळा ‘हं’ म्हणाले आणि तक्त्यापाशी थांबले.

“ही खूण कुणाची?”

“कुणाची नाही, सर. कॉम्प्युटर मारतो. सगळ्यांना तीच.”

“मग पाहिलं कुणी?”

साहेबांनी पत्र बाजूला सारलं आणि हात पुढे केला. “तुझं निवेदन कुठाय? त्या दिवशी मी चिडून वाचलंच नाही.”

प्रत पिशवीत होती. साहेबांनी लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. एक ओळ वाचायची, समासात आपली खूण करायची, पुढची ओळ. बाई उमेदवारीत उभ्या राहायच्या तशा टेबलाशेजारी उभ्या राहिल्या. साहेबांनी बसायला सांगितलं नाही आणि त्यांनाही बसावंसं वाटलं नाही. पंखा आणि गोदामवाला आला तिथे साहेब थांबले, पुस्तकाच्या प्रकरणाचं नाव वाचून एकदा खोकल्यासारखं हसले आणि पुढे गेले. पाऊण तास लागला. चार पानांत एकही ओळ खुणेवाचून राहिली नाही, दोन सोडून.

“या दोन चुकल्या आहेत,” साहेब म्हणाले. “ही बघ. ‘साहेब खोटं बोलले.’ कोण बोललं खोटं? ‘मोजणी मी स्वतः केली आहे’ असं लिहिलं होतं मी. केली होती. बँकवाल्यांनी गोदाम उघडलं त्यानंतर दोन दिवस तिथे उभा राहून एकेक खोकं उघडलं, सगळं मोजलं, मग उत्तर लिहिलं. कधी मोजलंत, असं समितीने विचारलं नाही.”

“आणि दुसरी, सर?”

“आकडा. दोन हजार तीनशे चाळीस नव्हती. दोन हजार तीनशे अठ्ठेचाळीस. त्या गोदामवाल्याला चोरीसुद्धा धड मोजता येत नव्हती.” त्यांनी टेबलाच्या खणातून एक हिरवी पेन्सिल काढली आणि कागद बाईंकडे सरकवला. “दुरुस्त कर. आणि खूण कर, म्हणजे कुणी केलं ते कळेल.”

बाईंनी चाळीस खोडून अठ्ठेचाळीस लिहिलं. मग शेजारी चार रेघा ओढल्या, तीन पुढे, एक मागे.